कपाटाची पाठ

शास्त्रपाठ : निर्गम २५:१०-१६, निर्गम ३१:१-६, निर्गम ३५:३०-३५, मत्तय २३:२५-२८, मार्क ६:१-३



दोन वर्षांपूर्वी याच पत्रिकेत आमच्या वसतिगृहाच्या नव्या स्वयंपाकघराचा फोटो छापला होता. ओट्याखाली बदामी रंगाच्या दारांची तीन कपाटे, ओट्याच्या वर भिंतीवर एक लांब कपाट आणि समोर हसत उभी असलेली मुले. त्या कामासाठी आपल्यापैकी अनेकांनी दान दिले होते. एका मंडळीच्या भगिनींनी घरी केलेले पदार्थ विकून पैसे पाठवले होते. फोटो पाहून आनंद झाला असे कळवणारी पत्रेही आली. म्हणून पुढे काय झाले हे आपल्याला सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री अकराच्या सुमारास ते भिंतीवरचे कपाट ताटे-पातेल्यांसह खाली कोसळले. रात्रीच्या जेवणानंतर त्याच जागी उभ्या राहून मोठ्या मुली भांडी लावत होत्या, त्याला जेमतेम दोन तास झाले होते. कोणालाही इजा झाली नाही याबद्दल प्रभूचे उपकार मानतो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्याखालची कपाटे ओढून बाहेर काढली. बाहेरून दारे अजून नव्यासारखी होती. मागे हात घातला, तर पाठीची फळी बिस्किटासारखी हातात तुटून आली. वाळवीने आतून पोखरून नुसता पापुद्रा ठेवला होता. खालच्या कप्प्यातल्या तूरडाळीच्या पोत्याला तळाशी ओल लागून बुरशी धरली होती. मुलांची आठवडाभराची डाळ टाकून द्यावी लागली.

ही कपाटे कोणा ठेकेदाराने केली नव्हती. पैसे वाचावेत म्हणून मीच ती दोन मोठ्या मुलांना हाताशी घेऊन बनवली होती. चूक माझी होती. ती नवी कपाटे बसवताना आम्ही काय शिकलो, हाच या अंकाचा पाठ आहे. आपल्यापैकी जे घरी स्वयंपाकघराचे काम काढणार आहेत त्यांना यातली मापे उपयोगी पडतील. बाकीचेही हा पाठ शास्त्रपाठ उघडून वाचतील अशी आशा करतो.

१. परमेश्वराने सांगितलेली पेटी

निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर मोशेला कराराचा कोश कसा करावा ते सांगतो. लाकूड बाभळीचे. लांबी अडीच हात, रुंदी दीड हात, उंची दीड हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, साधारण अठरा इंच. हिशोब केला तर ही पेटी पावणेचार फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद व उंच होते. आपल्या ओट्याखाली मावेल एवढीच.

पुढच्याच वचनात ती पेटी सोन्याने मढवण्याची आज्ञा आहे, आणि तिथे आतल्या बाजूचा उल्लेख बाहेरच्या बाजूच्या आधी येतो. ही पेटी पडद्याआड, परमपवित्रस्थानात राहणार होती. तिच्यात आज्ञापट ठेवायचे होते. तिच्या आत डोकावून कोण पाहणार होते? तरीही आतली बाजू उघड्या लाकडाची ठेवायची नव्हती.

मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू येशू शास्त्री व परूशी यांना ताट-वाटीचाच दाखला देतो. बाहेरून घासलेले आणि आत घाण राहिलेले भांडे कोणाच्या कामाचे? आधी आतून स्वच्छ करा, असे तो त्यांना बजावतो. हा उतारा मी अनेकदा उपदेशात घेतला आहे. परंतु स्वतः कपाट करताना दारांना चांगल्यातली सनमायका लावली आणि पाठीला, तळाला, दारांच्या आतल्या बाजूला काहीच लावले नाही. फोटोत येणार होती ती दारे.

२. न दिसणाऱ्या चार जागा

पहिली जागा – तळ. मी कपाटाच्या पेट्या सरळ फरशीवर टेकवल्या होत्या. स्वयंपाकघर रोज धुतले जाते, पाणी फळीखाली जाते आणि प्लायवूडची कापलेली कड ते शोषून घेते. वाळवीही जमिनीतूनच मातीची नळी करत वर चढते. पेटी जमिनीला टेकलेली असेल तर ती नळी दिसतही नाही. आता आम्ही प्रत्येक पेटी कडप्प्याच्या चार इंच उंच तुकड्यांवर बसवली आहे. समोरची पट्टी तीन इंच आत घेतली आहे, म्हणजे ओट्याशी उभे राहताना पायाची बोटे आत जातात आणि कंबर वाकवावी लागत नाही. ही पट्टी नुसती अडकवलेली आहे. महिन्यातून एकदा ती काढून मुले बॅटरीने तळ पाहतात.

दुसरी जागा – पाठ. पाठीची ६ मिलिमीटरची फळी मी भिंतीला चिकटवून ठेवली होती. आमची ती भिंत पावसाच्या बाजूची आहे, जुलैपासून ती ओलसर असते. आता कपाट आणि भिंत यांच्यात एक इंच जागा सोडली आहे. पाठीला आतून-बाहेरून आधी प्रायमर आणि मग ऑइलपेंटचे दोन हात दिले आहेत. वारा खेळावा म्हणून पाठीत वर एक झरोका ठेवला आहे आणि त्याला बारीक तारेची जाळी ठोकली आहे. पाव इंचाची फट मिळाली तरी लहान उंदीर आत शिरतो, म्हणून जाळीचे भोक आणि दारांमधली फट दोन्ही त्याहून कमी ठेवावीत. लाकडाच्या सर्व कापलेल्या कडा, मग त्या कितीही आत असोत, रंगाने किंवा पट्टीने बंद कराव्यात. प्लायवूडला पाणी लागते ते बहुधा कडेतूनच.

फळीची निवडही इथेच सांगतो. दुकानात दोन प्रकार सहज मिळतात. एमआर प्रकारची फळी हवेतली दमट सहन करते, पाणी सहन करत नाही. ती बैठकीच्या खोलीत चालते. स्वयंपाकघरासाठी बीडब्ल्यूआर प्रकारची घ्यावी. मोरीच्या किंवा सिंकच्या खालच्या पेटीला मरीन प्लाय वापरता आले तर उत्तम. मी पहिल्या वेळी एमआर आणली होती. रंग लावल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. पेटीला आणि धान्य ठेवायच्या फळ्यांना १८ मिलिमीटर जाडी घ्यावी आणि मध्ये आधार दिल्याशिवाय फळी अडीच फुटांपेक्षा लांब ठेवू नये, नाही तर धान्याच्या वजनाने ती मध्यभागी झोल खाते.

तिसरी जागा – दाराची आतली बाजू. इथे मला कोशाच्या वचनाची फार आठवण झाली. मी दारांना बाहेरूनच सनमायका लावली होती. वर्षभरात दोन दारांना बाक आला आणि ती नीट लागेनात. बिजागरीचे स्क्रू पिळून पिळून मी ती सरळ करायचा प्रयत्न केला. पुढे एका अनुभवी मिस्त्रींनी कारण सांगितले. लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते. एक बाजू बंद आणि दुसरी उघडी असेल तर दोन्ही बाजू सारख्या फुगत-आकसत नाहीत, आणि फळी वाकते. म्हणून आतून साधी, स्वस्त का होईना, सनमायका लावावीच लागते. “दार सरळ राहायला दोन्ही बाजूंना सारखी ओढ पाहिजे,” ते म्हणाले. कोश आतून मढवण्यामागे परमेश्वराचा हाच हेतू होता असे मी म्हणत नाही. पण ज्या मनुष्याचे बाहेरचे वागणे आणि आतले मन यांची ओढ वेगवेगळी असते, तो हळूहळू कसा वाकत जातो हे मी स्वतःच्या जीवनात पाहिले आहे.

चौथी जागा – भिंतीतला स्क्रू. वरचे कपाट का पडले? मी दीड इंची स्क्रू वापरले होते आणि ते पाठीच्या पातळ फळीतून मारले होते. पाव इंच फळीत गेले, पाऊण इंच गिलाव्यात गेले. विटेत उरले जेमतेम अर्धा इंच. गिलावा वजन धरत नाही, वीट धरते. त्यातून पाठीची फळी इतकी पातळ की स्क्रूची डोकी तिच्यातून ओढली गेली.

आता आम्ही असे केले आहे. १८ मिलिमीटर जाडीची, आठ इंच रुंद व कपाटाएवढी लांब पट्टी घेतली आणि ती मधोमध पंचेचाळीस अंशांत तिरपी चिरली. तिचे दोन भाग झाले. एक भाग भिंतीवर असा बसवला की त्याच्या वरच्या कडेचा उतार भिंतीकडे जातो. दुसरा भाग उलटा करून कपाटाच्या मागे, पेटीच्या जाड फळ्यांत पक्का केला. कपाट उचलून वरून खाली सोडले की एक पट्टी दुसरीत अडकून बसते. भिंतीतले स्क्रू तीन इंची घेतले आणि ते प्लगमध्ये, विटेत किमान दीड इंच जातील असे बसवले. कपाटाखाली मागच्या बाजूला त्याच जाडीची आणखी एक पट्टी दिली, म्हणजे कपाट ओळंब्यात राहते. ताटे लावण्याआधी त्यात तांदळाची दोन पोती ठेवून रात्र जाऊ दिली. सकाळी पाणसळ लावून पाहिली, जागचे हलले नव्हते. जड पातेली मात्र आम्ही आता खालीच ठेवतो.

आपल्या घरची भिंत मातीची किंवा पोकळ विटांची असेल तर वरचे कपाट टांगूच नये. जमिनीपासून उभे फडताळ करावे.

३. माप घेताना

काम सुरू करण्याआधीच्या दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. भिंती सरळ नसतात. रुंदीचे माप तळाशी, मध्ये आणि वर असे तीन ठिकाणी घ्यावे आणि त्यातले सर्वांत लहान धरावे. पेटी जोडल्यावर गुण्या तर लावावाच, शिवाय समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तरच पेटी काटकोनात आहे. फरक आला तर फेविकॉल ओला आहे तोवरच दाबून सरळ करावी.

दुसरे असे की, तिथे काम करणाऱ्या माणसाचेही माप घ्यावे. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी उंचीने लहान आहेत. पहिला ओटा मी पुस्तकातल्या मापाने चौतीस इंच केला होता. दोन वर्षे त्या पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या आणि मला कधी बोलल्या नाहीत. या वेळी विचारल्यावर म्हणाल्या, “सर, तुम्ही एवढं केलंत, त्यात मी कशाला काही बोलू?” हाताचे कोपर जिथे येते त्याच्या चार इंच खाली ओटा असावा, असा साधा नियम आहे. मावशींसाठी तो तीस इंच निघाला. आम्ही सेवा करतो तेव्हा ज्यांच्यासाठी करतो त्यांना विचारायचे राहून जाते, हे मला त्या पाटाने शिकवले.

४. शिकवणारा कोण?

जुनी कपाटे अंगणात पडली होती. एका मुलाला सोडायला त्याचे आजोबा आले होते. आमची मुले सातपुड्याच्या पाड्यांवरची, भिल्ल आणि पावरा घरांतली आहेत. आजोबांनी वाळवी लागलेली फळी हातात घेतली आणि मला विचारले, “सर, धान्य जमिनीवर ठेवलं होतं?”

“हो बाबा. कपाटात होतं, पण कपाट जमिनीवर होतं.”

“आम्ही कणगी दगडांवर ठेवतो,” ते म्हणाले. “खालून वारा जायला पाहिजे.”

एवढे बोलून ते चहा प्यायला बसले. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेण-मातीने लिंपलेली, खाली दगड दिलेली आणि आत कडुलिंबाचा पाला घातलेली कणगी मी त्या पाड्यांवर कितीतरी घरांत पाहिली होती. घरोघरी बसून प्रार्थना केली, भाकरी खाल्ली, पण कणगीच्या खाली काय आहे ते मी पाहिले नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कामाला हाताशी असलेल्या दोन मुलांपैकी एक नववीत आहे. कुसू आणि साल यांचा जोड मला जमेना. कुसू सैल होत होते. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग हळूच म्हणाला, “माझे वडील करतात हे. खाट करतात, नांगरही करतात. खिळा लावत नाहीत.” मी म्हणालो, “मग आजवर सांगितलं का नाहीस?” तो खाली पाहत राहिला. नंतर कळले, शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला की तो ‘शेती’ एवढेच सांगत असे. सुतारकाम सांगायची त्याला लाज वाटत होती.

मार्क सहाव्या अध्यायात नासरेथचे लोक प्रभूविषयी अडखळले ते याच शब्दाशी. हा सुतारच ना, असे ते म्हणाले. त्यांच्या लेखी तो शब्द माणसाला खाली बसवण्यासाठी पुरेसा होता. मूळ ग्रीक शब्द टेक्टॉन असा आहे, लाकडाची आणि बांधकामाची कामे करणारा कारागीर असा त्याचा अर्थ होतो. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टिर याने लिहिले आहे की येशू नांगर आणि जू तयार करत असे. आमच्या त्या मुलाचे वडीलही हेच करतात.

मी त्या वडिलांना निरोप पाठवला. ते तीन दिवस राहिले. तळाची चौकट त्यांनी वखारीतून पावतीवर आणलेल्या सागाची, कुसू घालून, एकही खिळा न वापरता केली. दोरी ताणून ते सरळपणा पाहत आणि मुलगा त्यांना पटाशी देत असे. पहिल्या दिवशी तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी इतर मुलांना तोच समजावून सांगू लागला. वडिलांना आम्ही शहरातल्या मिस्त्रीला देतो तेवढीच मजुरी दिली. ते आधी कमी घेत होते, तेव्हा मावशींनी त्यांना दटावले.

निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात परमेश्वर बसालेल आणि अहलियाब यांना नावाने निवडतो. बसालेलाला तो आपल्या आत्म्याने भरतो, आणि ज्या कामांसाठी भरतो त्यांत लाकडाचे कामही आहे. पस्तिसाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट येते. त्या दोघांना इतरांना शिकवण्याची बुद्धीही दिली होती. आपण वसतिगृह चालवतो ते मुलांनी शिकावे म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण त्या शिक्षणात आपल्या बापाच्या हातांची लाज शिकवली गेली, तर आपण बाहेरून सनमायका लावली आणि पाठ वाळवीला सोडली, असेच म्हणावे लागेल.

५. हिशोब

नव्या कपाटांचा खर्च जुन्यांपेक्षा जास्त झाला. जुन्या दारांपैकी जी सरळ होती ती आतून सनमायका लावून परत वापरली. आपल्या दानातून झालेली पहिली कपाटे माझ्या घाईमुळे वाया गेली, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. या वेळी पावत्या आणि मापे एका वहीत लिहून ठेवली आहेत. भेटीला आलात तर ती वही पाहावी, आणि खालची पट्टी काढून तळही पाहावा. मुले आपल्याला बॅटरी देतील.

घरगुती सभेत चर्चेसाठी प्रश्न

१. निर्गम २५:१०-१६ वाचा. जी बाजू कोणी पाहणार नाही तिच्यासाठीही परमेश्वराने आज्ञा का दिली असावी?

२. आपल्या घरात, मंडळीत किंवा सेवाकार्यात फोटोत न येणारी अशी कोणती जागा आहे, जिची पाहणी बरेच दिवस झाली नाही?

३. आपण ज्यांना मदत करतो त्यांच्यापैकी कोणाला आपण शेवटचे कधी विचारले की तुम्हाला काय सोयीचे आहे?

४. आपल्या मुलांना आपल्या किंवा आपल्या आईवडिलांच्या कामाची लाज वाटते का? मार्क ६:१-३ त्यांच्यासोबत वाचा.

प्रार्थनेचे विषय

• वसतिगृहातल्या मुलामुलींच्या आरोग्यासाठी आणि पुढच्या पावसाळ्यात धान्य सुरक्षित राहावे यासाठी.

• स्वयंपाकाच्या मावशींसाठी, त्यांच्या गुडघ्यांच्या दुखण्यासाठी.

• पाड्यांवरच्या कारागिरांसाठी, त्यांच्या हातच्या विद्येला योग्य मान आणि मोल मिळावे म्हणून.

• आम्हा सेवकांसाठी, आमची आतली आणि बाहेरची बाजू प्रभूने एकसारखी करावी म्हणून.